वीस अंश बावीस मिनिटं

तानबा ताकसांडे यांचं पत्र आलं तेव्हा झाडे सरांनी ते फाटकातच उभ्या उभ्या वाचलं होतं, आणि उत्तर उद्या शांतपणे लिहू म्हणून टेबलाच्या खणात ठेवलं होतं. तीन वर्षं होत आली, तो उद्या काही उजाडला नाही.

पत्र लांबलचक नव्हतं. समुद्रपूरचा हा माणूस एसटीत कंडक्टर होता, निवृत्त झालेला. अक्षर तिकिटावर टोचल्यासारखं सुटं सुटं. ‘सप्रेम जयभीम’ करून त्यांनी लिहिलं होतं, की माझी मुलगी जागृती तुमच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होती, प्रॅक्टिकलच्या परीक्षेत नापास झाली. तिचं म्हणणं शेवटपर्यंत एकच होतं, की माझं सोळा अंश एक्कावन्न मिनिटं बरोबर होतं. मला त्यातलं समजत नाही. आता ती नाही. मला कोणावर केस करायची नाही, पैसा नको. तुम्ही त्या दिवशी तिथं होता म्हणून विचारतो. माझी पोरगी चुकली होती का? एवढंच कळवावं.

झाडे सरांना ती मुलगी आठवत होती. न आठवायला काय झालं? पण तिचं बरोबर होतं की चूक, हे त्यांना माहीत नव्हतं. चूक म्हणून लिहावं, तर मेलेल्या मुलीच्या बापाला आपण खात्री नसताना तसं कसं लिहिणार? बरोबर म्हणून लिहावं, तर तेही खात्रीनं कुठं माहीत होतं? झाडे सरांचा स्वभावच असा, की बाजारात वांगी घेतानाही ती किडकी निघाली तर आपलंच पाहणं चुकलं असेल म्हणायचे. त्यांची बायको सीताबाई म्हणायची, “तुमचं ‘पाहू’ म्हणजे कोर्टाची तारीख.” ते हसायचे, आणि पत्र खणात राहायचं.

आता त्या परीक्षेचं सांगायला हवं.

भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला एक प्रयोग असतो. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश एका फटीतून काढायचा आणि ग्रेटिंगमधून पाठवायचा. ग्रेटिंग म्हणजे चौकटीत बसवलेली काच. तिच्यावर इंचाला हजारो बारीक रेघा ओढलेल्या असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. प्रकाश तिच्यातून गेला की समोरच्या सरळ रेघेखेरीज डावी-उजवीकडे थोड्या अंतरावर आणखी पिवळ्या रेघा उमटतात. दुर्बीण फिरवून त्या रेघेवर आणायची, ती किती अंशांनी वळली ते खालच्या गोल पट्टीवर वाचायचं, आणि इंचाला रेघा किती हे माहीत असलं की प्रकाशाची तरंगलांबी निघते. ती किती निघायला पाहिजे हे पुस्तकात छापलेलं आहे. पाच हजार आठशे त्र्याण्णव अँगस्ट्रॉम.

कॉलेजात ग्रेटिंग एकच होती. तिच्या चौकटीवर चिठ्ठी होती, इंचाला पंधरा हजार. त्या हिशेबानं पहिली रेघ वीस अंश बावीस मिनिटांवर दिसायला पाहिजे. हा आकडा कॉलेजात सगळ्यांना पाठ होता. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना सांगून जायची, जसं कोणत्या खानावळीत पोळी जास्त मिळते ते सांगतात तसं. “वीस-बावीस टाक, अन् बाहेर ये.” जरा हुशार मुलं एका बाजूला दोन मिनिटं वाढवून, दुसऱ्या बाजूला एक कमी करून लिहायची, म्हणजे मोजल्यासारखं दिसतं. याला रीडिंग जमवणं म्हणत. मास्तर लोकांना हे ठाऊक होतं. झाडे सर दरवर्षी हळू आवाजात सांगायचे, की बाबांनो, निदान एकदा तरी दुर्बिणीतून पाहा. मुलं ‘हो सर’ म्हणायची.

जागृतीनं पाहिलं. आणि तिला रेघ दिसली सोळा अंश एक्कावन्नवर. तिनं तेच लिहिलं, तसंच गणित केलं, आणि उत्तर आलं चार हजार नऊशे आठ.

बाहेरगावचे परीक्षक पेपर पाहून हसले. हा आकडा पिवळ्या प्रकाशाचा नव्हताच, निळ्या-हिरव्याचा होता. त्यांनी विचारलं, “का गं, तुझ्या इथं सोडियम निळा जळतो का?” बाकीची मुलं हसली. ती बारीक, पिवळट चेहऱ्याची मुलगी, तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता, महिन्यातून चार दिवस तिची सुट्टीच असायची. ती म्हणाली, “नाही सर, पिवळाच आहे. पण रेघ सोळावरच येते. तुम्ही एकदा पाहून घ्या.”

हे ‘पाहून घ्या’ परीक्षकांना झोंबलं. त्यांनी पाहिलं नाही. कॉलेजच्या बाजूनं परीक्षक असलेल्या झाडे सरांकडे वळून म्हणाले, तुमची विद्यार्थिनी आहे, तुम्हीच सांगा. दुर्बीण चार पावलांवर होती. दिवा जळत होता. झाडे सर म्हणाले, “कदाचित मांडणीत काही चूक झाली असावी.” आणि गुणांच्या कागदावर त्यांनी सही केली.

प्रॅक्टिकलला वेगळं पास व्हावं लागतं. जागृती झाली नाही. नागपूरला एम.एस्सी.ची जागा मिळणार होती ती गेली. वर्ष घरी नुसतं बसून कसं काढायचं, म्हणून ती गावाजवळच्या जिनिंगमध्ये मशीनवर कापूस टाकायच्या कामाला लागली. बापानं नको म्हटलं होतं. टिनाचं शेड, नाकातोंडात रुई, प्यायला पाणी दूर. सिकलसेलच्या माणसाला पाणी कमी पडलं की अंगातलं रक्तच वैरी होतं. चैत्रात तिचे सांधे धरले, छाती भरली, आणि दवाखान्यातून ती परत आलीच नाही. हे सगळं पत्रात नव्हतं. सरांना ते नंतर बाहेरून कळलं होतं, आणि कळल्यावर पत्र खणात आणखी खाली गेलं होतं.

यंदा आषाढात, आता निवृत्त झालेले झाडे सर पिपरी मेघेच्या चौकात भाजी घेत होते तेव्हा त्यांना प्रफुल्ल भेटला. हा त्यांचा जुना विद्यार्थी, आता त्याच कॉलेजात तासिकेवर शिकवतो; दरवर्षी जूनमध्ये त्याला घरी बसवतात आणि घ्यायचं की नाही ते पुन्हा ठरवतात. त्यानं वाकून नमस्कार केला, मोपेडवरची पिशवी सावरली आणि बोलता बोलता सांगितलं, की प्रयोगशाळेतलं जुनं सामान भंगारात काढून राह्यले. आता प्रयोग कॉम्प्युटरवर, माऊस फिरवला की रेघ हलते. स्पेक्ट्रोमीटर, ग्रेटिंग, सगळं येत्या आठवड्यात जाणार.

झाडे सरांच्या हातात मेथीची जुडी होती ती तशीच राहिली. म्हणाले, “मला एकदा बघायचं आहे ते. जायच्या आधी.”

प्रफुल्लला वाटलं, म्हातारा माणूस, जुन्या सामानात जीव अडकतो. म्हणाला, “या न सर. उद्याच येजा. दुपारी कोणी नसते.”

घरी आल्यावर सरांनी सीताबाईला पत्र दाखवलं. तीन वर्षांत प्रथमच. तिनं चष्मा लावून सावकाश वाचलं, घडी घातली. सरांना वाटलं आता बोल बसतील. ती एवढंच म्हणाली, “तीन वर्सं तो मानूस रोज पोस्टमनच्या तोंडाकडे पाहत असंल.” आणि भाजी निवडायला बसली. हे सरांच्या मनात कधी आलं नव्हतं. त्यांना वाटायचं, आपण उत्तर दिलं नाही म्हणजे काहीच घडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कॉलेजात गेले. प्रयोगशाळेच्या एका भिंतीशी सामानाचा ढीग लावलेला, प्रत्येकावर खडूनं फुली. स्पेक्ट्रोमीटर अजून टेबलावर होता. प्रफुल्लनं खिडक्यांचे काळे पडदे ओढले आणि दिवा लावला. सोडियमचा दिवा आधी गुलाबी पेटतो आणि मग हळूहळू पिवळा होतो. पिवळा झाल्यावर दोघांचेही चेहरे आजाऱ्यासारखे दिसू लागले.

सरांनी मांडणी स्वतः केली. हाताला सगळं ठाऊक होतं. दुर्बीण फिरवून त्यांनी आतल्या उभ्या तारेवर पिवळी रेघ आणली. ती त्यांना दिसली. पण खालच्या पट्टीवरचे केसासारखे बारीक आकडे भिंगातूनही दिसेनात. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा पिकत आलेला.

“तू वाच,” ते प्रफुल्लला म्हणाले, आणि कशासाठी ते सांगितलं नाही.

प्रफुल्लनं वाकून डावीकडचं वाचलं, उजवीकडचं वाचलं. पट्टीला समोरासमोर दोन ठिकाणी आकडे वाचायची सोय असते, ते दोन्ही वाचले. सरांनी लिहून घेतलं, वजाबाकी केली, निम्मं केलं. वीस अंश बावीस मिनिटं. दोन्ही ठिकाणी वीस-बावीस.

झाडे सर स्टुलावर बसले. म्हणजे पोरगी चुकली होती. छातीवरचा दगड उतरावा तसं त्यांना हलकं वाटलं, आणि आपल्याला हलकं वाटलं याची पुढच्याच क्षणी लाज वाटली. प्रफुल्ल चहा सांगून येतो म्हणून बाहेर गेला.

सर कागदाकडे पाहत राहिले. दोन्हीकडे वीस-बावीस. हे यंत्र त्यांनी सगळी नोकरीभर वापरलं होतं. ते एकदा टेबलावरून पडलं होतं, तेव्हापासून त्याच्या दोन बाजूंचं वाचन कधीही जुळलं नव्हतं. तीन-चार मिनिटांचा फरक पडायचाच. आज तो गेला कुठं?

त्यांना कळलं, पण पटवून घ्यायला वेळ लागला. प्रफुल्लवर असा संशय घेणारे आपण कोण? आपलेच डोळे अधू. मग त्यांनी असा विचार केला, की बारीक आकडे वाचावे लागणार नाहीत असं काहीतरी करू.

कपाटात जुनं लॉग टेबल होतं. त्याचे आकडे डोळ्यांशी धरून त्यांनी दोन्ही कोनांचा हिशेब काढला. वीस-बावीसच्या कोनाला, एक मीटर दुरून पाहिलं तर रेघ सदतीस सेंटिमीटर बाजूला दिसेल. सोळा-एक्कावन्नला तीस. सात सेंटिमीटरचा फरक. हा तर आंधळ्यालाही दिसावा. त्यांनी दिव्याची पेटी ओढत फळ्याला टेकवली. पेटीच्या फटीपासून मीटरपट्टीनं मोजून फळ्यावर खडूच्या दोन उभ्या रेघा ओढल्या, एक तीसवर, एक सदतीसवर. जमिनीवर एक मीटरची खूण केली. ग्रेटिंग स्टँडवरून काढून डोळ्याशी धरली आणि खुणेवर उभे राहिले.

पिवळी रेघ पेटीजवळच्या खडूच्या रेघेवर येऊन बसली होती.

त्यांनी डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. डोळा बदलला. मग ग्रेटिंग टेबलावर ठेवली आणि प्रफुल्लची वाट पाहू लागले, कारण स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची त्यांना सवय नव्हती.

प्रफुल्ल दोन कप घेऊन आला. फळा पाहून थबकला. सरांनी त्याला खुणेवर उभं केलं आणि म्हणाले, यातल्या कोणत्या रेघेवर पिवळं येतं ते सांग.

प्रफुल्लनं ग्रेटिंग हातात घेतली, आणि डोळ्याला लावायच्या आधी विचारलं, “यातली बरोबर कोनती, सर?”

झाडे सर त्याच्याकडे पाहत राहिले. “ते मी आधी नाही सांगणार,” ते म्हणाले.

प्रफुल्लनं पाहिलं. “जवळची.” मग हात खाली घेतला. “जवळची म्हणजे?”

“सोळा-एक्कावन्न.”

प्रफुल्लनं चहाचे कप बाजूला सारले. मीटरपट्टी घेऊन दोन्ही अंतरं पुन्हा मोजली, जमिनीवरची खूणही मोजली. मग ग्रेटिंग परत यंत्रावर चढवून स्वतः सगळं लावलं आणि या वेळी पट्टीवर इतका वाकला, की त्याच्या श्वासानं भिंग धुरकट झालं. एका बाजूला सोळा-पन्नास, दुसऱ्या बाजूला सोळा-चोपन्न. सरांनी मनात सरासरी काढली, सोळा-बावन्न. त्या मुलीच्या आणि यांच्या वाचनात एका मिनिटाचा फरक होता.

म्हणजे रेघा इंचाला पंधरा हजार नव्हत्याच. साडेबारा हजार होत्या. दुकानदारानं चिठ्ठी चुकीची डकवली होती, आणि वर्षामागून वर्षं शेकडो मुलांनी त्या काचेतून बरोबर पाच हजार आठशे त्र्याण्णव काढून दाखवले होते. काच ओरडून सांगत होती, ऐकलं एकीनं.

“मघा मी वाचलं नव्हतं सर,” प्रफुल्ल म्हणाला. “सोडियमचाच दिवा होता, म्हून मी वीस-बावीस येईल असं सांगून देल्लं. तुमाले बरं वाटंल म्हून.”

सरांनी मान हलवली.

“कोनासाठी पाह्यलं हे?”

“जागृती ताकसांडे.”

प्रफुल्ल खाली बसला. तो तिच्याच वर्गातला, हे सरांना माहीत होतं; पुढचं माहीत नव्हतं. त्या दिवशी तिच्यानंतर याच टेबलावर त्याचा नंबर होता. तिनं लावून ठेवलेली दुर्बीण त्यानं हलवलीसुद्धा नाही. त्याला चांगले गुण पडले, त्याच गुणांवर पुढचं शिक्षण, आणि त्यावर ही तासिकेची का होईना नोकरी.

“तिनं मले बोलावलं होतं सर. म्हने, प्रफुल्ल, तू एकडाव पाह्य न, माह्याच डोयाले काही झालं का. मी म्हटलं, पागल झाली का तू, वीस-बावीस लिही अन् सुट्टी कर.” तो दिव्याकडे पाहत होता. “मी पाह्यलं असतं, तर दोघं झालो असतो.”

झाडे सरांना म्हणावंसं वाटलं, की मी पाहिलं असतं तर तिघं. ते म्हणाले नाहीत. त्यांनी पत्राचं सांगितलं, आणि उत्तर लिहिणार आहे असंही सांगितलं.

मग प्रफुल्ल उठून उभा राहिला आणि बराच वेळ बोलला. त्याचं म्हणणं वेडंवाकडं नव्हतं. आता लिहून त्या माणसाच्या हाती काय पडणार? पोरगी आपल्या चुकीनं नापास झाली असं समजून तो कसाबसा जगत असेल. तिचं काहीच चुकलं नव्हतं आणि तरी ती त्या शेडात जाऊन मेली, हे कळलं तर तो काय करेल? उद्या त्यानं विद्यापीठात अर्ज केला, पेपरात आलं, तर चौकशीला कोण सापडणार? परमनंट लोक हात झटकतील. शेवटी तो थेट सरांच्या पुढे आला. “तुमी रिटायर आहा सर. मी तासिकेवर आहो. माही पोरगी आता शाळेत जाऊन राह्यली. माहं नाव नका टाकू.”

सर म्हणाले, टाकणार नाही. एवढं त्यांना देता येत होतं.

प्रफुल्लनं दिवा विझवला, पडदे सारले. बाहेरचा उजेड डोळ्यांत घुसला. ग्रेटिंग त्यानं तिच्या डबीत घातली आणि डबी फुली मारलेल्या ढिगात परत ठेवली, कारण सामानाच्या यादीत ती होती. ती मला दे, असं म्हणायला सरांचं तोंड उघडलं होतं. पण पोराला आणखी अडचणीत कुठं टाकायचं, असं वाटून ते मिटलं. ऑटोत बसल्यावर त्यांना कळलं, की आता या गोष्टीला आपल्या शब्दाखेरीज पुरावा उरला नाही. आणि आपला शब्द म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

उत्तर लिहायला त्यांना तीन दिवस लागले. पहिल्या कागदावर इतकं ‘कदाचित’ आणि ‘असावं’ झालं, की वाचून त्यांनाच कळेना मुलगी बरोबर होती की चूक. दुसऱ्यावर ग्रेटिंग म्हणजे काय हे समजावण्यातच पान भरलं. तिसऱ्यावर त्यांनी स्वतःच्या पश्चात्तापाचं लिहिलं, आणि ते वाचताना शिसारी आली. त्या माणसानं यांच्या मनाची अवस्था विचारली नव्हती. प्रफुल्लचं म्हणणंही डोक्यातून जात नव्हतं. आपण त्या बापाला दिलासा देतोय की त्याच्या जखमेवरची खपली काढतोय, याचा निवाडा त्यांना करता येईना.

सीताबाई चहा ठेवायला आली तेव्हा त्यांनी तिलाच विचारलं, पाठवू की नको. ती टेबलावरच्या चोळामोळा कागदांकडे पाहत म्हणाली, “मले काऊन विचारता? विचारलं तं त्यानं तुमाले होतं.”

शेवटी जे लिहिलं ते असं:

‘श्री. तानबा ताकसांडे यांस सविनय जयभीम. तुमची मुलगी चुकली नव्हती. तिचं सोळा अंश एक्कावन्न मिनिटं बरोबर होतं. काचेवर लिहिलेला आकडा खोटा होता, आणि तो आम्ही कोणीच कधी तपासला नाही. तिनं आम्हाला पाहायला सांगितलं होतं. मी पाहिलं नाही, आणि ती नापास झाल्याच्या कागदावर सही केली. आता मी स्वतः मोजून पाहिलं आहे. हे पत्र तुम्ही कोणालाही, कुठंही दाखवू शकता. मी बोलावतील तिथं येऊन हेच सांगेन. उत्तराला फार उशीर झाला.’

खाली पूर्ण नाव, पत्ता आणि फोन नंबर.

पोस्टात गर्दी नव्हती. काउंटरवरच्या मुलीनं पाकिटाचं वजन केलं आणि घेणाऱ्याचा मोबाइल नंबर मागितला. सरांकडे नव्हता. तिनं मान वर करून पाहिलं. “मानूस तिथंच राहते न बाबाजी? नाई तं वापस येईल.”

सरांच्या ओठावर ‘कदाचित’ आलं होतं. ते म्हणाले, “मला माहीत नाही. तुम्ही पाठवा.”

तिनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. पावती घेऊन झाडे सर बाजूला झाले, पण बाहेर गेले नाहीत. पोत्याचं तोंड अजून उघडं होतं. चुकीचा पत्ता पडला म्हटलं असतं तर तिनं काढूनही दिलं असतं. ते भिंतीशी उभे राहिले. थोड्या वेळानं शिपाई आला, त्यानं पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलं, पोतं खांद्यावर घेतलं आणि बाहेर उभ्या असलेल्या लाल गाडीत नेऊन टाकलं.